कारण सापडेपर्यंत

गजभिये भाऊंबद्दल कुणी विचारलं, की मी आधी एक सांगते आणि लगेच स्वतःच ते खोडून काढते. ‘फार शिस्तीचा माणूस,’ म्हणते; मग आठवतं, शिस्त कसली, रोज नवा नियम! ‘बायकोवर फार जीव,’ म्हणते. मग आठवतं, की त्याच बायकोला त्यांनी दोन वर्षं खुर्चीवरून उठू दिलं नव्हतं. ऐकणारा माझ्याकडे बघत राहतो. मीही काय करू? मला स्वतःलाच हा माणूस नीट लागलेला नाही.

प्रताप नगरातली आमची इमारत चार मजली, लिफ्ट नसलेली. मी दुसऱ्या मजल्यावर आणि ते माझ्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्यावर. मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, ते खापरखेड्याच्या वीज केंद्रातून. माझे गुडघे खालच्या फळ्यांवरची पुस्तकं काढता-ठेवता गेले होते. त्यांचे मात्र अडुसष्टाव्या वर्षीही ठणठणीत होते, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत.

मी राहायला आले तो डिसेंबर होता. नागपूरच्या उन्हाळ्याचं सगळे बोलतात, पण इथली थंडी सांध्यांना बरोबर ओळखते. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की गुडघा ‘कोण तू?’ म्हणून विचारायचा. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, समोरच्या बगिच्यात गजभिये भाऊंचा वर्ग असतो, जाऊन पाहा. गेले. वर्ग कुठे दिसेना, म्हणून एका बाकावर बसले. दोन मिनिटांत कानटोपी घातलेला एक उंच, सडपातळ माणूस समोर येऊन उभा राहिला.

“काहून बसले मॅडम?”

“गुडघा दुखून राहिला.”

“म्हणूनच म्हणतो, उठा. बसलं म्हणजे आणखी धरते.”

उठले. त्यांनी अर्धा तास चालवलं आणि खरंच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखी बाकाकडे न बघता थेट चालायला लागले, तर मागून आवाज आला, “अहो मॅडम, उभ्या काहून झाल्या? बसा!”

“काल तर तुम्हीच उठवलं!”

“काल तुम्ही दोन मजले उतरून, रस्ता ओलांडून आल्या होत्या. मशीन गरम होतं. आज तर ऑटोतून उतरल्या.” मी त्या रात्री भाचीकडे राहिले होते, तिथून आले होते, हे त्यांनी फाटकातूनच टिपलं होतं. “थंड मशीनवर एकदम लोड नाही देत. बसा, पंजे वर-खाली करा वीस वेळा, मंग उठा.”

हे मशीन प्रकरण मला समजायला आठवडा लागला. भाऊंनी पस्तीस वर्षं टर्बाइन सांभाळलं होतं आणि माणसाच्या देहात त्यांना दुसरं काही दिसतच नसे. वर्गात रोज कुणी तरी नवीन असायचं, आणि त्याच्यासाठी रोज तेच व्याख्यान. “गरम टर्बाइन बंद केलं, तर तसंच सोडून घरी जात नाही आपण. थंड होईपर्यंत त्याले हळूहळू फिरवत राहा लागते. तसंच पडू देलं, तर आपल्याच वजनानं त्याचा शाफ्ट वाकते. मंग कितीही वीज जाळा, सरळ नाही होत. तुमचे सांधे काय येगळे हायेत?”

ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माना डोलवायच्या. टर्बाइन कुणीच पाहिलं नव्हतं, पण वाकलेला शाफ्ट प्रत्येकीला आपल्या सासूच्या रूपात दिसत असावा.

वर्ग साडेसातला. सातला का नाही, असं विचारलं की म्हणायचे, “सूर्य आल्याबिगर मशीन चालू नाही.” झोपेतून उठून थेट उभं राहायचं नाही, पांघरुणातच आधी घोटे फिरवायचे, मग टाच ओढत गुडघा दुमडायचा, सरळ करायचा. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी विसरायचं नाही. शेकाची पिशवी दहा मिनिटं, आणि मध्ये टॉवेल ठेवूनच. जुन्या स्वेटरांच्या बाह्या कापून त्यांनी गुडघ्यांसाठी मोजे केले होते, ते सगळ्यांना वाटले होते. सकाळच्या उन्हात पंधरा-वीस माणसं गुडघ्यांवर लाल, हिरव्या, शाळेच्या निळ्या बाह्या चढवून पंजे वर-खाली करताना बघितली, तर रस्त्यावरचा माणूस सायकल थांबवायचा.

त्यांचं निदान हा तर वेगळाच मामला. वीज केंद्रात म्हणे बेअरिंगचा आवाज ऐकायला त्यावर लोखंडी सळी टेकवायचे आणि दुसरं टोक कानाला लावायचे. इथे त्यांच्याकडे लाकडी पट्टी होती. गणिताचे निवृत्त मास्तर वानखेडे सर यांच्या गुडघ्यावर त्यांनी एकदा ती पट्टी टेकवली, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिले. आम्ही श्वास रोखून उभे.

“सुका आवाज हाय. तेल कमी पडून राहिलं.”

सरांनी त्या दिवसापासून रात्री कोमट तिळाचं तेल चोळायला सुरुवात केली. चार दिवसांनी पुन्हा पट्टी लागली. “आता जास्तीच ओला आवाज हाय,” भाऊ गंभीरपणे म्हणाले. सर भडकले. “गजभिये, तुला काही ऐकू येतं का खरंच?” भाऊंनी पट्टी खिशात घातली आणि अगदी शांतपणे म्हणाले, “नाही येत. पण तुम्ही चार दिवस तेल लावलं का नाही?” सर हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहिले हजर होते.

तर असा हा माणूस. साऱ्या कॉलनीला उठवणारा, बाकावर कुणी टेकलं की आवाज चढवणारा. त्यामुळे मला पहिले दोन महिने वाटत होतं, की ते एकटेच राहतात. वरून पावलांचे आवाज येत ते एकाच माणसाचे. मग एकदा तुरीच्या सोल्यांची भाजी केली होती, ती वाटीभर द्यायला वर गेले. दार त्यांनीच उघडलं. आत खिडकीशी खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या, अंगावर शाल, पायांवर गोधडी. हातात गहू निवडायचं ताट.

“या वं बाई, बसा,” त्या म्हणाल्या. मी शेजारी बसले. त्या उठल्या नाहीत. पाणी भाऊंनी आणलं. चहा भाऊंनी केला. चहाचा कप उचलायला त्या जराशा पुढे वाकल्या, तर भाऊ धावत आले. “उठू नोको, कुसुम! मी देतो ना.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तासाभरापूर्वीच हा माणूस खाली ओरडत होता, की बसलं म्हणजे संपलं.

कुसुमताईंची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. आदल्या वर्षीपर्यंत त्याही वर्गात यायच्या. खरं म्हणजे तो वर्गच त्यांच्या गुडघ्यांसाठी सुरू झाला होता. एका सकाळी बगिच्याच्या फरशीवर पडल्या. मनगट मोडलं, गुडघा सुजला. मनगट दीड महिन्यात जुळलं. पण भाऊंनी त्यांना पुन्हा उभं केलं नाही. पलंग, खुर्ची, न्हाणीघर, तेही त्यांच्या खांद्याला धरून. हाडांचे डॉक्टर दर खेपेला सांगत, चालवा. भाऊ मान हलवून ‘हाव’ म्हणत आणि घरी येऊन त्यांच्या पायांवर गोधडी घालत. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या व्यायामांचा कागद कपाटात घडी करून ठेवलेला होता.

मी एकदा धीर करून विचारलं, “भाऊ, टर्बाइन फिरवत ठेवायचं असतं म्हणता, मग ताईंना का बसवून ठेवलं?”

“ते बंद केलेल्या मशीनचं झालं, मॅडम. हे ट्रिप झालेलं हाय.”

“म्हणजे?”

“आपण बंद केलं ते येगळं. आपल्या मनानं बंद पडलं, तर कारण सापडेपर्यंत त्याले पुन्हा हात नाही लावत. कारण न पाहता चालू केलं आन पुन्हा पडलं, तर मशीन जाते. कायमचं जाते.” त्यांनी खिशातून आपली छोटी नोंदवही काढली; वीज केंद्राच्या सवयीने तिला ते लॉगबुक म्हणत. वर्गातल्या प्रत्येकाचं दुखणं ते त्यात दहापैकी किती, असं रोज लिहीत. शेवटची पानं मात्र कुसुमताईंची होती. ‘फरशीवर दव?’ ‘चप्पल घासलेली?’ ‘चष्म्याचा नंबर?’ ‘चहा न घेता निघाली?’ ‘साखर?’ प्रत्येकासमोर त्यांनी जाऊन केलेली तपासणी लिहिली होती. चप्पल दुकानात नेऊन दाखवली होती. फरशीवर सलग आठ दिवस पहाटे जाऊन हात फिरवून पाहिला होता. दव निघालं नव्हतं. एकेक ओळ खोडलेली होती.

मला त्यांचा राग आला, आणि ती पानं बघून कीवही आली. दोन्ही एकदम आल्यामुळे मी उठून खाली आले.

पुढच्या थंडीच्या सुरुवातीला डॉक्टरांनी कुसुमताईंचा गुडघा दुमडून पाहिला, तो अर्ध्यावर अडला. मी सोबत होते. भाऊ खाली औषधं घ्यायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, “बाई, हा हिवाळा असाच बसून काढला, तर पुढे मी सांगूनही तुम्हाला चालता येणार नाही. मग पलंगच.” परत येताना ऑटोत कुसुमताई हाताने गुडघा दाबून बघत होत्या. भाऊंनी त्यांना तीन मजले थांबत थांबत, जवळजवळ उचलूनच वर नेलं. दुसऱ्या दिवशी मी वर गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

“बाई, तुम्ही मले चालवा. ते बगिच्यात गेले, की.”

“आणि भाऊंना कळलं तर?”

“कळन तवा पाहू. मले पलंगावर नाही मराचं.”

मी हो म्हटलं, आणि त्याच क्षणापासून माझी झोप उडाली. पडल्या तर? मी कोण? ना डॉक्टर, ना नातेवाईक. पण डॉक्टरांचा कागद कपाटातून निघाला. आणि गंमत अशी, की त्यावर जे लिहिलं होतं ते सगळं मला भाऊंनीच शिकवलेलं होतं. साडेसातला ते खाली गेले, की मी वर. दहा मिनिटं शेक, टॉवेल मध्ये ठेवून. गोधडीतच घोटे. गुडघ्याखाली गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. मग खुर्चीवरून उठणं-बसणं, पाच वेळा, मी समोर हात पसरून. मग भिंतीला धरून खोलीची एक फेरी. कुसुमताईंच्या कपाळावर डिसेंबरात घाम यायचा. “दुखून राहिलं का?” मी विचारायची. “दुखते ना वं. पण हे येगळं दुखणं हाय. बसल्याचं नाही हे.”

वर्गात मी दिसेनाशी झाले, म्हणून भाऊंनी माझ्या नावापुढे लॉगबुकात काय लिहिलं कोण जाणे. एका संध्याकाळी ते मेथीचे लाडू घेऊन दारात उभे. “मॅडम, तुम्ही सोडू नका. चार दिवस अर्धंच चाला, पण या.” मी खोटंच लंगडत डबा घेतला. इतकी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली असेल. लाडू मात्र उत्तम होते, ते मी खाल्ले.

महिनाभराने कुसुमताई खोलीच्या आठ फेऱ्या मारू लागल्या. एकदा मध्येच थांबून, भिंतीला टेकून, त्या म्हणाल्या, “ते कारण शोधतात ना, ते मले माहीत हाय.”

मी खुर्ची जवळ ओढली.

“मले ना चक्कर आली, ना पाय घसरला. हे पुढं चालून राहिले होते, वर्गाले उशीर झाला म्हणून. मागं वळून ओरडले, ‘लवकर चाल वं!’ आन मी धावली. दुखऱ्या गुडघ्यानं धावली. बस.”

“मग सांगितलं का नाही त्यांना?”

“कसं सांगू? तुमच्याच आवाजानं पडली म्हणू? त्या माणसानं अन्न सोडलं असतं. तुम्ही सांगू नोका. आण हाय माझी.”

झालं. आता मी दोघांच्या मध्ये अडकले. ते कारण भाऊंना कळलं, तर त्यांच्याच नियमाप्रमाणे बायकोला चालायला मोकळीक मिळणार होती. आणि तेच कारण त्यांना मोडून टाकणार होतं. वर्ग संपता संपता मी बगिच्यात गेले तर ते पट्टी घेऊन कुणाच्या तरी गुडघ्याला कान लावून उभे असायचे, आणि माझ्या तोंडापर्यंत शब्द यायचे. मी ते पुन्हा गिळायची. योग्य काय होतं, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही कुणी विचारलं तर मी तेवढीच गोंधळेन.

मग जानेवारीतला तो दिवस आला. धुकं इतकं दाट, की समोरचा बगिचा दिसेना. तरी भाऊ नेहमीप्रमाणे गेले. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा जिना करायचं ठरवलं होतं. कुसुमताईंचा एक हात कठड्यावर, एक माझ्या हातात. आधी दुखरा पाय खाली, मग दुसरा. सात पायऱ्या झाल्या. आठवीवर आम्ही दोघी उभ्या होत्या आणि खालून चपलांचा आवाज आला. सूर्य आला नाही म्हणून त्यांनी वर्ग रद्द केला होता.

भाऊ वळणावर आले आणि थबकले. वर बायको, जिन्याच्या मध्यात, उभी. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ताईंचा हात सुटू नये एवढंच मी बघत होते.

कुसुमताईंनीच तोंड उघडलं. “अजी, ऐका. मले सांगाचं हाय. त्या दिवशी मी तुमच्या हाकेनं धावली. म्हणून पडली. दुसरं काही नोतं.”

भाऊंनी कठडा धरला. खाली बघत म्हणाले, “माहीत हाय मले.”

“कधीपासून?”

“तवापासूनच. तू धावताना मी पाहलं ना.”

मला राहवलं नाही. “मग भाऊ, ती चप्पल, ती फरशी, तो चष्मा? दोन वर्षं काय शोधत होता तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते मला म्हातारे दिसले.

“दुसरं काही सापडते का, ते पाहून राहिलो होतो, मॅडम.”

मग कुसुमताई म्हणाल्या, “सरका बाजूले. अजून पायऱ्या राहिल्या माझ्या.” भाऊ सरकले नाहीत. ते तीन पायऱ्या खाली, तोंड वर करून उभे राहिले, दोन्ही हात पुढे, पण तिला न लावता. आणि ती एक उतरली, की ते एक मागे उतरत. माझ्या दारापर्यंत आल्यावर मी खुर्ची बाहेर टाकली. ताई बसल्या आणि रडल्या. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी चहा टाकायला आत गेले आणि साखर घालायची विसरले. तो तसाच फिक्का चहा तिघांनी प्यायला.

तळमजल्यापर्यंत जायला आणखी तीन आठवडे लागले. फेब्रुवारीच्या उन्हात कुसुमताई बगिच्यात आल्या तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. भाऊंनी वाजवल्या नाहीत. ते त्या दिवशी कुणाचाच व्यायाम धड घेऊ शकले नाहीत; उजवा पाय म्हणताना डावा उचलत होते.

नंतर त्यांच्या मुलीने जरीपटक्यात तळमजल्यावरचं घर घेतलं आणि आईवडिलांना तिकडे नेलं. जिन्याचा प्रश्न कायमचा सुटला. जाताना भाऊ फक्त ‘जय भीम मॅडम, पाणी पेत जा,’ म्हणाले. वर्ग आता वानखेडे सर घेतात. ते एकसारखे नियम सांगतात, त्यामुळे सगळं समजतं, आणि थोडा कंटाळा येतो. भाऊ चांगले होते की चुकलेले, हे ठरवायचा मी बरेचदा प्रयत्न केला. प्रेमानेच त्यांनी तिला बसवलं, आणि प्रेमाने बसवलं म्हणून तिचा गुडघा काही कमी आखडला नाही. याच्या पुढे माझं डोकं जात नाही.

या जानेवारीत मी जरीपटक्याच्या बाजारात लोकरी शाल घ्यायला गेले होते. गर्दी होती. पलीकडे, दहा-बारा दुकानं पुढे, कुसुमताई काठी टेकत एकट्या चालल्या होत्या. हळू, पण सरळ. आणि मागे, एका गाड्यापाशी, भाऊ. दोन्ही हातांत पिशव्या. ते आता थोडे लंगडत होते. गाड्यावर ताईंचा मफलर राहिला होता, तो गाडेवाल्याने त्यांच्या हातात दिला. भाऊंनी पुढे पाहिलं. ताई लांब गेल्या होत्या. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं.

आणि मारली नाही. मफलर गळ्यात टाकला, पिशव्या सावरल्या आणि लंगडत, गर्दीतून वाट काढत, तिच्या मागे निघाले. मी त्यांना हाक मारायची, की नाही, ते मला ठरवता आलं नाही. मी तशीच उभी राहिले. पाचेक मिनिटांनी ते तिच्यापर्यंत पोचले. कुसुमताई वळल्या, मफलर ओढून घेतला आणि भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडायला लागल्या. शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. बहुतेक इतका वेळ कुठे होतात, हाक मारता येत नव्हती का, असंच काहीतरी असावं. भाऊ मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते.